डब्यांचं धुराडं

जोतीराम लढाईवरून परत आला तेव्हा त्याच्याकडे एक पत्र्याची ट्रंक, दोन फौजी कांबळी आणि एक अडचण होती. अडचण माधवनगरला राहत होती. तिचं नाव लीलाबाई. ती त्याची बायको.

लग्न बेचाळीसच्या उन्हाळ्यात झालं. पुढच्या वर्षी जोतीराम भरती झाला आणि इटलीला गेला. लीलाबाई सासूपाशी राहिली. दोन वर्षं तिनं अंबूबाईंच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या केल्या. तिसऱ्या वर्षी नागपंचमीला माहेरी गेली ती खोकत गेली, आणि परत आली नाही. भांडण झालं नव्हतं. अंबूबाई सून गेल्यावरही तिच्याविषयी चांगलंच बोलायच्या. फक्त म्हणायच्या, पोरीला धुराची सवय न्हाई.

त्या स्वयंपाकघराविषयी सांगायला हवं. ते घराच्या सगळ्यात आतल्या बाजूला होतं. खिडकी नव्हती. दार एकच, ते माजघरात उघडायचं. धूर खापरीच्या कौलांतून जमेल तसा जायचा. जमायचं नाही तेव्हा आतच राहायचा. भिंती काळ्या, तुळया काळ्या, उतरंडीची मडकी काळी. आत कोण बसलंय हे चेहऱ्यावरून कळायचं नाही, खोकल्यावरून कळायचं. आमच्या गल्लीत बारा घरं. बाराही स्वयंपाकघरं अशीच. त्यात वाईट काही आहे असं कुणाला वाटत नव्हतं. मलाही नाही. माझ्या घरचं स्वयंपाकघरही तसंच होतं आणि मी तिथं फक्त जेवायला जायचो.

शेहेचाळीसच्या मार्चअखेरीस जोतीराम आला. मी तेव्हा सांगलीच्या कॉलेजातून मराठी साहित्य घेऊन बी. ए. होऊन घरी बसलो होतो. गावात तो मला नावानं हाक मारणं बंद करून ‘बीए’ म्हणू लागला. तो आल्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं सर्व्हिस मोटारीनं माधवनगरला लीलाबाईंना आणायला गेलो.

लीलाबाईंचे वडील आकाराम गिरणीत कापड तपासायचे. ठाण उजेडात धरायचं आणि डाग शोधायचे. वीस वर्षं हेच काम. घरात कुणी आलं की ते त्यालाही आधी उजेडाकडे बसवायचे. जोतीरामला बसवलं. चहा दिला. मग त्यांनी सरळ सांगितलं की मुलीला सासुरवास नाही हे त्यांना ठाऊक आहे, अंबूबाईंविषयी त्यांची तक्रार नाही. मुलीला धूर सोसत नाही. डॉक्टरला दाखवलं, त्यानं औषध दिलं नाही, चूल बदला म्हणाला.

“धूर काढा आन् न्या,” आकाराम म्हणाले. “आखितीला मी सवता येतो बघायला. धूर असला तर मग पुढचं पुढं बघू.”

पुढचं म्हणजे काय, ते बोलले नाहीत. त्यांच्या थोरल्या मुलीचं पुढचं झालं होतं. नवऱ्याघरून परत येऊन ती सात वर्षं त्याच खोलीत राहत होती आणि गिरणीत सुताच्या कांड्या भरायला जात होती. आम्ही बसलो होतो तेव्हा ती कामावरून आली, आमच्याकडे बघितलं, आणि आत जाऊन झोपली.

लीलाबाई दारामागं उभी होती. निघताना जोतीराम दाराकडे बघून म्हणाला की आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अजून महिना आहे. आतून बांगड्या वाजल्या. खोकला आला नाही. माधवनगरच्या त्या खोलीला खिडकी होती.

परत येताना मोटारीत जोतीराम तासभर बाहेरची छपरं बघत होता. मग त्यानं मला विचारलं, “बीए, तुज्या घरात रॉकेलचा रिकामा डबा हाय का?”

चौकोनी डबा. त्या दिवसांत रॉकेल मापानं मिळायचं आणि रिकामा डबा हा घरातला मोठा ऐवज असायचा. पाणी आणायला, धान्य ठेवायला, आंघोळीला. मी आईला न विचारता हो म्हणालो.

नवं घर बांधायला त्याच्याकडे काही नव्हतं. खिडकी पाडायचीही सोय नव्हती, कारण स्वयंपाकघराच्या तीन भिंती शेजाऱ्यांशी सामाईक होत्या आणि चौथी माजघराची होती. राहिलं छप्पर. जोतीरामनं ठरवलं की चुलीच्या मागं भिंतीला लागून डब्यांची नळी उभी करायची, ती कौलांतून वर काढायची आणि चुलीचा धूर तिच्यात घालायचा. हे सगळं घरात आहे त्या सामानात.

अंबूबाईंना हे सांगितल्यावर त्यांनी एक गोष्ट स्पष्ट केली. चुलीला हात लावायचा नाही. चूल त्यांची होती. रोज सकाळी ती त्या सारवायच्या. गेल्या चाळीस वर्षांत तिला कुठल्या पुरुषाचा हात लागला नव्हता.

“आन् बी?” त्या म्हणाल्या.

चुलीवर, तुळईला बांधलेल्या दोरीवर, पेरणीच्या बियाण्याची कणसं टांगलेली होती. जोंधळ्याची आणि मक्याची. सुगीला चांगली निवडून टांगायची आणि मृगाला काढायची. सगळ्या घरांत ती तिथंच असायची. काजळीनं इतकी काळी की नवख्याला ती कणसं आहेत हे कळू नये.

“धूर गेला की बी किडतं,” अंबूबाई म्हणाल्या.

जोतीरामनं माझ्याकडे पाहिलं. शिकलेला मी होतो. मी म्हणालो की बियाण्याचा आणि धुराचा तसा काही संबंध नसावा, ती आपली जुनी समजूत आहे.

“कॉलेजात बी टांगत्यात व्हय रं?” अंबूबाईंनी विचारलं.

मी नाही म्हणालो.

“मग?”

मी हसलो. जोतीरामही हसला. अंबूबाई हसल्या नाहीत. त्या धुणं घेऊन नदीवर गेल्या, आणि त्या नदीवर असताना जोतीरामनं चूल फोडली.

चार दिवस काम चाललं. त्याला हे कसं येतं याचा मला प्रश्न पडला होता. तो मोजत नव्हता, खूण करत नव्हता. डब्यांचे तळ कापले, एकात एक बसवले, सांध्यांना शेण, भुसा आणि माती लिंपली. चूल परत घातली ती बसकी, तोंड अरुंद. तिच्या मागं मुठीएवढं भोक, ते डब्यात. शेजारी वैल, म्हणजे चुलीच्या उरलेल्या आगीवर आमटी ठेवायची जागा. पूर्वीही वैल होता, पण त्याला आग जेमतेम पोचायची. आता पाणी उकळू लागलं. त्यानं ट्रंकेचं झाकण कापून धुराड्यावर टोपी केली. ट्रंक त्यानंतर उघडीच राहिली.

मग उजेड. एक कौल काढून तिथं काच बसवायची होती आणि काच नव्हती. ओसरीवर जोतीरामचा फोटो टांगलेला होता. फौजी कपडे, हातात बंदूक. तो इटलीहून आला होता आणि मीच तो चौकटीत बसवून आणला होता. जोतीरामनं त्याची काच काढली आणि छपरात बसवली. फोटो बिनकाचेचा परत टांगला. अंबूबाईंना हे सगळ्यात जास्त लागलं, पण फोटो त्याचाच होता.

शेवटी मोरी. फुटक्या कौलांची पन्हळ करून सांडपाणी माजघराच्या कडेनं बाहेर काढलं, ते परड्यातल्या अळूला गेलं. विकत आणलं ते फक्त पावशेर खिळे.

पहिल्या दिवशी चूल पेटवली आणि सगळा धूर घरात आला. माजघरात, ओसरीवर, रस्त्यावर. इतका धूर त्या घरात पूर्वी कधी झाला नव्हता. अंबूबाई समोरच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला घराकडे बोट दाखवू लागल्या. जोतीराम छपरावर चढला. धुराड्याचं तोंड आढ्यापेक्षा खाली होतं, वारा आढ्यावरून उतरून त्याच्यात शिरत होता. आणखी एक डबा हवा होता. माझ्या आईकडे तेव्हा एकच डबा उरला होता. तो मी आणला. आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

तो डबा चढवल्यावर धूर वर गेला. आम्ही दोघं खाली स्वयंपाकघरात बसून बघत होतो. चुलीत जाळ होता आणि घरात काही नव्हतं. कौलातल्या काचेतून उन्हाचा एक चौकोन चुलीपाशी पडला होता.  भिंतीत देवळी आहे हे मला लहानपणापासून त्या घरात जेवून तेव्हा कळलं.

आखितीला आकाराम आले. बरोबर गिरणीतलं पांढरंशुभ्र कापड आणलं होतं, हातभर. ते त्यांनी स्वयंपाकघरातल्या खुंटीला अडकवलं आणि पाटावर बसून म्हणाले की आता रोजच्यासारखा स्वयंपाक होऊ द्या. झाल्यावर ते कापड तपासणार होते.

इथं अडलं. अंबूबाईंनी नव्या चुलीवर एकदाही स्वयंपाक केला नव्हता. महिनाभर त्या अंगणात तीन दगडांवर रांधत होत्या. सणाचं पुरणही तिथंच शिजत होतं. जोतीराम त्यांना बोलवायला गेला. ज्यानं बांधली त्यानं रांधावं, एवढंच त्या म्हणाल्या, आणि पुरण घाटत राहिल्या.

जोतीराम आत आला. हात धुतले. काठवटीत पीठ घेतलं, ऊन पाणी घातलं, मळलं आणि भाकरी थापायला बसला.

मी दारात उभा होतो. आमच्याकडे पुरुष चुलीपाशी बसत नाही. बायको आजारी असली तरी शेजारची येते. आकारामांनी कापडावरची नजर काढून जावयाच्या हातांवर लावली. भाकरी गोल होत होती. तिला चीर पडत नव्हती. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलथली, आरावर टेकवली. फुगली. दुसरी. तिसरी. त्याचे हात न बघता चालत होते.

“जावईबापू,” आकाराम म्हणाले, “फौजेत काय काम व्हतं तुमाला?”

“ह्येच.”

“ह्येच म्हंजी?”

“लांगरी व्हतो मामा. शंभर मानसाचा सैपाक. दोन येळा.”

“बाहीर बंदुकीचा फोटू हाय.”

“बंदूक हवालदाराची व्हती. फोटूपुरती.”

तीन वर्षं त्याची पत्रं मी अंबूबाईंना वाचून दाखवली होती. आम्ही आघाडीवर सुखरूप आहोत, असं त्यांत असायचं. ते खरंच होतं. काय करतो हे त्यानं कधी लिहिलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. सबंध गावानं त्याला लढवून घेतलं होतं. आता ते डब्यांचं आणि लिंपणाचं कसब कुठून आलं हे मला कळलं. माळावर, चिखलात, रोज नवी चूल घालून त्यानं तीन वर्षं काढली होती.

दारात अंबूबाई येऊन उभ्या होत्या. केव्हापासून, ते सांगता येत नाही. त्या आत आल्या. थाळ्यातली वरची भाकरी उचलली, काचेच्या उजेडात धरली.

“कडंला जाड हाय,” त्या म्हणाल्या. मग जोतीरामला म्हणाल्या, “सर.”

तो सरला. त्या बसल्या आणि उरलेल्या पिठाच्या भाकऱ्या त्यांनी केल्या. नव्या चुलीवरचा त्यांचा तो पहिला स्वयंपाक. एकदा मध्येच थांबून त्यांनी वर तुळईकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या की ती तुळई सागाची आहे, त्यांना आंब्याची वाटत होती.

जेवणं झाल्यावर आकारामांनी कापड काढून उन्हात नेलं. इकडून धरलं, तिकडून धरलं. एका कोपऱ्यात त्यांना डाग सापडला. त्यांनी नख लावून पाहिलं, वास घेतला.

“हळद,” ते म्हणाले. “चालंल.”

पुढच्या रविवारी लीलाबाई आली. स्वयंपाकघरात गेली आणि पहिल्यांदा वर बघितलं. मग खाली बसून चूल पेटवली. ती खोकते का म्हणून माजघरात आम्ही तिघं बसलो होतो. ती खोकली नाही. थोड्या वेळानं आतून तिनं विचारलं की बाहेर इतकं गप्प का.

गावानं जोतीरामला आठ दिवस ‘लांगरी’ म्हणून हाक मारली. पारावर कुणी तरी विचारलं की जर्मन तुझ्या आमटीला भ्याला का. जोतीराम म्हणाला, आमटी आपल्याच लोकांसाठी होती, भीत होते ते तेच. नवव्या दिवशी त्याला पहिलं बोलावणं आलं. बायकांनी लीलाबाईचं स्वयंपाकघर पाहिलं होतं. बघायला येणारी प्रत्येक बाई आत जाऊन बसायची, वर बघायची आणि घरी जायची. संध्याकाळी त्या घरचा पुरुष डबे घेऊन जोतीरामकडे यायचा.

जोतीराम घरटी चार डबे मागायचा, बाकी घरातलंच वापरायचा. मी लिंपण कालवायचो. कुठं फुटक्या आरशाची काच कौलात बसली. कुठं मोडक्या पाळण्याच्या फळ्यांची मांडणी झाली, एक मोरी तर चुना दळायच्या पडक्या घाणीच्या दगडांवर बांधली. मे संपेपर्यंत बारापैकी अकरा घरांवर डब्यांची धुराडी उभी राहिली. संध्याकाळी नदीच्या वाटेनं येताना आमची गल्ली लांबूनच ओळखू यायची.

बारावं घर रंगूबाईंचं. त्या एकट्या राहायच्या. नवरा भाऊसो जाऊन दहा वर्षं झाली होती. जोतीराम आपण होऊन त्यांच्याकडे गेला. त्यांच्याकडे डबे होते, सहा.

“डबा पान्याला लागतो,” रंगूबाई म्हणाल्या. “धुराला न्हाई लागत.”

 आम्ही परत आलो. गल्लीत रंगूबाईंचं हसं झालं. माझ्या आईनंही त्यांना दारावरून जाताना काही तरी सुनावलं.

त्या साली मृग कोरडा गेला आणि जूनच्या शेवटी बियाण्याची कणसं उतरवायची वेळ आली. अंबूबाईंनी तुळईवरून दोरी सोडली, एक कणीस तळहातावर घेऊन चोळलं. हातात पीठ आलं. दुसरं चोळलं. पीठ, आणि त्यात चालणारे टोके, धान्यातले बारीक किडे. त्यांनी सगळी कणसं सुपात चोळली. सुपात दाणे दिसत होते, पण फुंकर मारली की उडत होते. मक्याचंही तेच.

त्या ओरडल्या नाहीत. सूप घेऊन त्या माझ्या घरी आल्या आणि माझ्यासमोर ठेवलं.

“बीए,” त्या म्हणाल्या. तेवढंच.

मी साहित्य घेऊन पास झालो होतो. टोक्यांविषयी त्यात काही नव्हतं. मी सुपाकडे बघत राहिलो. तोवर माझी आई आतून आमचं सूप घेऊन आली.

दुपारपर्यंत अकराही घरांतून सुपं बाहेर आली. पेरणीचं बी आमच्याकडे कुणी विकत घेत नसे. विकतचं बी उगवतं का, याची कुणाला माहितीच नव्हती. ज्याच्या जमिनीत जे रुळलंय ते त्यानं टांगायचं, अशी रीत. शेजारच्या गल्ल्यांत बी होतं, पण त्यांनी स्वतःपुरतं टांगलं होतं.

जोतीराम छपरावर जाऊन बसला. खाली अंबूबाईंनी एक पोतं घेतलं, ओलं केलं आणि चुलीमागच्या भोकात काठीनं कोंबलं. मग चूल पेटवली. धूर जुन्या वाटेनं घरात आला. कौलातली काच तासाभरात काळी झाली.

लीलाबाई त्या धुरात भाकऱ्या करून बाहेर आली. खोकली. मग तिनं माजघरात जाऊन आपली दोन लुगडी एका पंच्यात गुंडाळली आणि गाठोडं कोनाड्यात ठेवलं.  अंबूबाईंनी गाठोडं पाहिलं.  दोघींचं बरोबर होतं, हीच अडचण होती. अंबूबाईंना बी हवं होतं. लीलाबाईला श्वास हवा होता. आकाराम रविवारी येणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा घरच्या बायका रंगूबाईंच्या दारात उभ्या राहिल्या. कुणी काही ठरवलं नव्हतं. पहिली गेली, तिच्या मागं दुसरी. माझी आई सगळ्यात शेवटी. रंगूबाईंचं स्वयंपाकघर धुरानं भरलेलं होतं आणि त्यांच्या तुळईला दोन सालांचं बी टांगलेलं होतं. एकटीला एवढं लागत नव्हतं. सवय म्हणून त्या टांगत असत.

त्या टोमणे मारतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी कणसं उतरवली आणि प्रत्येकीच्या सुपात पायलीभर दाणा निघेल एवढी घातली. प्रत्येकीला त्या एकच वाक्य म्हणाल्या.

“धूर खाल्ल्यालं हाय. उगवंल.”

अकरा वेळा. माझ्या आईलाही तेच, त्याच आवाजात. आई घरी आली आणि दिवसभर ते बी निवडत बसली.

बायका गेल्यावर रंगूबाईंनी जोतीरामला बोलावलं. तो आणि मी गेलो. त्यांनी सहाही डबे ओट्यावर आणून मांडले होते. त्यांतले दोन पाण्याला ठेवून चार त्यांनी पुढं सरकवले.

“मला बी धुराडं बांध,” त्या म्हणाल्या. “डोळं माजं बी जळत्यात. पर धूर मला लागतो. त्यो घालवायचा न्हाई.”

“काकी, धूर घालवायलाच धुराडं असतंय.”

“त्ये तू बघ. लांगरी तू हाईस.”

जोतीराम त्यांच्या उंबऱ्यावर बसला. बराच वेळ बसला. रंगूबाई आतबाहेर करत होत्या, त्या त्याला ओलांडून जात होत्या. मग तो एकदम उठला आणि आपल्या घराकडे चालू लागला. मी मागोमाग. तो छपरावर चढला, धुराड्याचा वरचा डबा काढला आणि मला म्हणाला की खालून ट्रंक दे.

“रिकामी?”

“रिकामीच लागती.”

बिनझाकणाची ती ट्रंक त्यानं धुराड्याच्या वाटेत बसवली. स्वयंपाकघराच्या आत, छपराच्या खाली हातभर, एका अंगावर आडवी. खालून डब्यातला धूर ट्रंकेत यायचा, तिथं थांबायचा, भरायचा आणि मग वरच्या डब्यातून बाहेर जायचा. ट्रंकेच्या उघड्या अंगाला त्यानं पत्र्याचं दार केलं आणि आत लोखंडी तार ओढली. तारेवर कणसं टांगायची. दार बंद. बियाण्याला धूर, माणसाला नाही.

खाली गर्दी जमली होती. पारावरची माणसंही आली होती. कुणी तरी विचारलं, हे तुला कसं सुचलं. जोतीराम छपरावरून म्हणाला की इटलीत असंच करतात. एका शेतकऱ्याच्या घरात त्याचा लंगर, म्हणजे पलटणीचं स्वयंपाकघर, पंधरा दिवस होता, त्या घराच्या धुराड्यात असंच टांगलेलं होतं.

“काय टांगत्यात?” अंबूबाईंनी खालून विचारलं.

जोतीरामनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, “मका.”

गावाला हे पटलं. इटलीतही मका होतो हे ऐकून काही लोकांना बरंच वाटलं. अंबूबाईंनी आत जाऊन भोकातलं पोतं ओढून काढलं. मात्र त्या एवढंच म्हणाल्या की बी उगवेपर्यंत त्या कुणाचं काही ऐकणार नाहीत, आणि टोका पुन्हा बियाण्यात दिसला तर हे सगळं त्या स्वतः पाडतील. तेवढं बोलून त्या शेतात गेल्या.

रंगूबाईंच्या बियाण्यातली थोडी कणसं पुढच्या सालासाठी राखली होती. ती टांगायला लीलाबाई शिडीवर चढली. मी वर छपरावर टोपी धरून बसलो होतो. कौल काढलेलं होतं, त्यामुळे मला खालचं ऐकू येत होतं. ते ऐकायचं माझ्या मनात नव्हतं. पण टोपी सोडता येत नव्हती.

लीलाबाईनं ट्रंकेचं दार उघडलं. आत पाहिलं. मग खाली शिडी धरून उभ्या असलेल्या जोतीरामला तिनं विचारलं, “तिकडं खरंच मका टांगत्यात?”

त्यानं शिडी दुसऱ्या हातानं धरली. फोटोतली बंदूक त्यानं तीन वर्षं खरी होऊ दिली होती. मला वाटलं, हाही मका तसाच चालू राहील.

“न्हाई,” तो म्हणाला.

“मग काय टांगत्यात?”

“डुकराची तंगडी.”

शिडी हलली नाही. लीलाबाईनं हातातलं कणीस तारेला अडकवलं. दुसरं मागितलं. त्यानं दिलं. तेही अडकवलं.

“सासूबाईंस्नी सांगू नगासा,” ती म्हणाली.

“न्हाई सांगत.”

“आन् बाबांस्नी बी.”

“न्हाई.”

सगळी कणसं टांगून झाल्यावर ती खाली उतरली. ट्रंकेच्या दाराच्या फटीतून थोडा धूर येत होता. तिथं काही तरी कोंबायला हवं होतं. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि माजघरात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात गाठोड्याचा पंचा होता. तो तिनं भिजवला, पिळला आणि पुन्हा शिडीवर चढून फटीत घट्ट बसवला.

रविवारी आकाराम आले. त्यांनी कापड आणलं नव्हतं. लीलाबाईची दोन लुगडी दांडीवर वाळत होती. ती त्यांनी जाताजाता उजेडात धरून पाहिली.

जोंधळा उगवला. सगळ्यांचा. रंगूबाईंच्या घरीही धुराडं झालं, त्यांनी ट्रंकेऐवजी भाऊसोंची जुनी पेटी दिली. बाकीच्या दहा घरांत जोतीरामनं जे मिळालं ते बसवलं. जोतीराम अजून लांगरीच म्हणवून घेतो. वाळव्यापासून साताऱ्यापर्यंत लोक त्याला बोलावतात, आणि तो गेला की घरातले डबे आणि पेट्या बाहेर काढून ठेवतात. आमच्या शाळेत मुलं सांगतात की इटली देशात मका धुराड्यात टांगतात. मास्तरांनी त्यांना तसं शिकवलं आहे.

अंबूबाईंना वाचता येत नाही. आकारामांनाही नाही. म्हणून हे लिहिलं.